‘आपले’ आणि ‘त्याचे’ : टास्कनिहाय माहिती व कुलपाचा प्रश्न

प्रत्येक टास्कची माहिती निराळी ठेवली की तिला कुलूप लागत नाही, असा एक समज विद्यार्थ्यांच्या टिपणांतून वारंवार डोकावतो. या समजाचे मूळ षष्ठी विभक्तीत आहे. षष्ठी वस्तू कोणाची हे सांगते; तिला हात कोण लावतो हे सांगत नाही. नवलाख उंबरे येथील शेतकऱ्याचा सातबारा त्याचाच असतो. परंतु त्यातील मालकीची नोंद तो स्वतः फिरवू शकत नाही, आणि वाचण्यास मात्र कोणासही मोकळीक असते.

लिनक्स कर्नलमध्ये टास्कच्या नोंदीत ‘फ्लॅग्ज’ नावाचा एक शब्द आहे. त्याविषयीची मूळ टीप असे सांगते की, तो चालू टास्कनेच बदलावा, इतरांनी केवळ वाचावा. मराठीत हा भेद सहज उमटतो. ‘त्याने आपले नाव बदलले’ आणि ‘त्याने त्याचे नाव बदलले’ या वाक्यांत कर्ता व स्वामी एकच की निराळे, हे सर्वनामच सांगते. पहिल्या वाक्यात कुलूप नको. दुसऱ्यात विचार करावा लागतो. दोघांनी एकाच वेळी तो शब्द वाचून, त्यातील निरनिराळे बिट बदलून परत लिहिला, तर एकाचे लेखन निमूटपणे पुसले जाते.

टीपकाराने पुढे दोन अपवाद दिले आहेत : थांबविलेल्या टास्कचा फ्लॅग त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याने बदलणे, आणि अपत्य-टास्क धावू लागण्यापूर्वी जनकाने तो बदलणे. मला हे अपवाद वाटत नाहीत. दोन्ही ठिकाणी स्वामी निश्चल आहे; म्हणजे लिहिणारा एकच उरतो. नियम मालकीचा म्हणून मांडल्यामुळे ते अपवाद भासतात. ‘एका वेळी एकच लेखक’ असा मांडला असता तर ते त्यात सुखाने सामावले असते.

वाचकांचा प्रश्न मात्र निराळा. फ्लॅग्ज हा एकच शब्द असल्याने तो अर्धवट वाचला जात नाही. टास्कचे १६ बाइटांचे नाव अर्धे जुने, अर्धे नवे वाचले जाऊ शकते. स्मृतिपटाचा निर्देशक याहून नाजूक : टास्क स्वतःचा निर्देशक कुलपाविना वाचते, पण दुसऱ्याने वाचायचा तर टास्क मध्येच संपून तो पट मोकळा होण्याची भीती असते, म्हणून कुलूप आलेच. २००९ च्या २.६.२९ या आवृत्तीपासून टास्कच्या अधिकारपत्रांची व्यवस्था अधिक रेखीव झाली : टास्क फक्त आपलीच पत्रे बदलते, तीही नवी प्रत करून, परके वाचक ‘आरसीयू’च्या आश्रयाने, कुलपाविना, जुनी किंवा नवी प्रत अखंड पाहतात.

‘पर-टास्क’साठी ‘खाजगी’ हा प्रतिशब्द मी म्हणूनच नाकारतो. ‘टास्कनिहाय’ पुरे.