निर्मात्याची नजर

मराठी चित्रपटाच्या समीक्षेत दिग्दर्शक असतो, नट असतात, हल्ली छायालेखक आणि ध्वनिसंयोजक यांनाही जागा मिळते. निर्माता मात्र बहुतेक वेळा श्रेयनामावलीतच राहतो. पैसे घालणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. मराठी पडद्याचा इतिहास काही वेगळंच सांगतो. कोणती गोष्ट पडद्यावर यावी, ती कुणाच्या हाती सोपवावी आणि अडचण आली की कुठे हटून बसावं, हे ठरवणं हीसुद्धा कला आहे. आज ती मराठीत कुठे टिकून आहे आणि कुठून हद्दपार झाली आहे, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) विम्याची पॉलिसी गहाण टाकली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची बाजू मात्र कमी सांगितली जाते. अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात होता. आजच्या भाषेत बोलायचं तर त्या प्रॉडक्शन सांभाळत होत्या. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे प्रत्यक्ष चित्रपट बनवणारे, तर सीतारामपंत कुलकर्णी हे पाचवे भागीदार पैशाचं बळ देणारे. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हेच कंपनीचे मालक होते. त्यामुळे नफ्यातोट्याचा निर्णय आणि कॅमेऱ्यामागचा निर्णय एकाच छपराखाली होत असे. हे छप्पर मोडल्यावर एकेकट्या निर्मात्याचा काळ सुरू झाला. ‘श्यामची आई’ (१९५३) काढणारे आचार्य अत्रे आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) काढणारे दादा कोंडके यांच्या आवडीनिवडीत काहीही साम्य नाही. पण आपल्याला काय दाखवायचं आहे, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. नंतर राज्य सरकारच्या करमणूक कर परताव्याच्या योजनेने अशा एकांड्या निर्मात्याला पुढचा चित्रपट काढायला हात दिला.

या एकांड्यांच्या परंपरेतलं सर्वांत अभ्यासण्याजोगं नाव स्मिता तळवलकर यांचं आहे.

मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारा हा चेहरा महाराष्ट्राला घरोघरी ओळखीचा होता. त्या ओळखीवर अभिनयाची कामं मिळत राहिली असती. पण त्यांनी ‘अस्मिता चित्र’ ही निर्मितीसंस्था काढली. पहिला चित्रपट ‘कळत नकळत’ (१९८९), दिग्दर्शक कांचन नायक. तो काळ आठवून पाहावा. आदल्याच वर्षी ‘अशी ही बनवाबनवी’ तुफान चालला होता आणि अशोक सराफ–लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याशिवाय वितरक बोलायला तयार नव्हते. अशा वेळी तळवलकर यांनी एका विवाहित पुरुषाच्या प्रेमप्रकरणाने तडा गेलेल्या घराची शांत, आवाज न चढवणारी गोष्ट निवडली. अशोक सराफ त्यांनीही घेतले, पण मुलांच्या लाडक्या मामाच्या भूमिकेत. बाजाराला हवा असलेला नट घ्यायचा आणि बाजाराने त्याला कधी दिलं नसतं असं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, ही चाल निर्मात्याची आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दोन वर्षांनी ‘चौकट राजा’ आला. लहानपणी खेळताना डोक्याला मार बसून बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू, त्याला एकटीने सांभाळणारी आई आणि अनेक वर्षांनी शेजारी राहायला येणारी त्याची बालमैत्रीण. नंदूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. ‘चिमणराव’ म्हणून ज्याला पाहून लोक हसत आले, तोच नट इथे हसण्याच्या अगदी काठावर उभा केला आणि प्रेक्षकांना हसू दिलं नाही. दिग्दर्शक संजय सूरकर आणि आईच्या भूमिकेतल्या सुलभा देशपांडे यांचं श्रेय मोठं आहेच. तरी मतिमंद माणूस नायक म्हणून मुख्य प्रवाहात विकता येईल, ही पैज मुळात तळवलकर यांची होती. ‘माहेरची साडी’नेही त्याच वर्षी थिएटरं ओसंडून वाहवली. एकाच हंगामात मराठी प्रेक्षक दोन टोकांच्या गोष्टींना दाद देऊ शकतो, हे त्यावरून कळलं असतं. पण बाजाराने धडा घेतला तो फक्त साडीचा.

तळवलकर यांच्या निवडीला मर्यादाही होत्या आणि त्या लपवण्याचं कारण नाही. त्यांची दुनिया शहरी मध्यमवर्गीय घराच्या उंबऱ्यापाशी संपते. ‘सवत माझी लाडकी’, ‘तू तिथे मी’, ‘सातच्या आत घरात’ या सगळ्यांत प्रश्न घरात उभा राहतो आणि उत्तरही घरातच शोधलं जातं. जात, जमीन, गिरणी, बाजार हे चौकटीबाहेर राहतात. ‘तू तिथे मी’ (१९९८) हा त्यातला सर्वांत परिपक्व. निवृत्तीनंतर मुलांच्या सोयीने विभागलं जाणारं म्हातारं जोडपं त्यात कुठेही कीव न करता दिसतं आणि मोहन जोशी–सुहास जोशी यांनी म्हातारपणीच्या प्रेमाला जी प्रतिष्ठा दिली ती मराठीत आधी फारशी दिसली नव्हती. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सूरकर यांच्यावरचा त्यांचा विश्वास एका चित्रपटापुरता नव्हता. ही जोडी चित्रपटाकडून मालिकेपर्यंत टिकली.

मालिकांत त्यांची वाट ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’पासून ‘अवंतिका’पर्यंत जाते, आणि निर्मात्याचं स्थान कसं बदललं हे या वाटेवर स्पष्ट दिसतं. दूरदर्शनच्या प्रायोजित कार्यक्रमांच्या काळात निर्माता वेळ मिळवायचा, जाहिराती स्वतः आणायचा, तोटा झाला तर सोसायचा. पण मालिका त्याची असायची. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली आणि पुढे ‘कमिशन्ड’ कार्यक्रमांची पद्धत स्थिरावली. वाहिनी दर भागाचा ठरलेला दर देते आणि हक्क स्वतःकडे ठेवते. जोखीम कमी झाली. त्या बदल्यात काय गेलं, ते कळायला काही वर्षं लागली.

आजच्या डेली सोपचा कारखाना जवळून पाहिला तर ते नीट कळतं. बावीसेक मिनिटांचा एक भाग साधारण एका दिवसात उभा करायचा. आठवड्याला सहा भाग, कधी रविवारचा महाएपिसोड वरून. हातात भागांची ‘बँक’ अगदी थोडी, त्यामुळे एखाद्या कलाकाराला ताप आला की कथानकात त्याला गावाला पाठवावं लागतं. कथेचा ट्रॅक वाहिनीची क्रिएटिव्ह टीम मंजूर करते, नायिकेच्या साडीचा रंगही. गुरुवारी आकडे आले की ठरलेला ट्रॅक मोडतो आणि लेखक रात्रीतून नवे सीन लिहितो. कलाकार-तंत्रज्ञांचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा या धंद्यात वर्षानुवर्षं मुरलेली आहे. या साखळीत निर्मात्याचं काम काय उरतं? सेट लावणं, डबे वेळेवर येतील ते पाहणं, दराच्या आत भाग बसवणं. हे काम कष्टाचं आहे, त्याला मान द्यायला हवा. पण कोणती गोष्ट सांगायची, हा निर्णय त्यात नाही. चांगल्या निर्मात्यांना ठेकेदार करून ठेवणारी ही व्यवस्था मराठी टीव्हीचं सर्वांत मोठं नुकसान करते आहे.

याही व्यवस्थेत ज्यांनी फट शोधली त्यांची नोंद म्हणून जास्त महत्त्वाची. श्वेता शिंदे यांच्या ‘वज्र प्रॉडक्शन’ने ‘लागिरं झालं जी’ (२०१७) साताऱ्याकडे नेली. नायक फौजी, भाषा तिथली, चेहरे बरेचसे नवखे आणि जवळपासचे. मालिका म्हणजे गोरेगाव-मालाडचा बंगला, ही सवय मोडणाऱ्या मालिकांत ही स्थळनिवड होती आणि नंतर अनेकांनी तो रस्ता धरला. महेश कोठारे यांचं उदाहरण वेगळ्या जातीचं. ‘धडाकेबाज’ (१९९०) सिनेमास्कोपमध्ये काढणारा, ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला खलनायक करणारा हा निर्माता-दिग्दर्शक तंत्राच्या वेडाने ओळखला जातो. टीव्हीवर ‘जय मल्हार’ (२०१४) करताना त्यांनी तेच वेड खंडोबाच्या कथेला लावलं. रोजच्या मालिकेच्या खर्चात व्हीएफएक्स बसवणं सोपं नव्हतं. सगळे प्रसंग जमलेले नाहीत, पण भव्यतेची भूक कुणाची होती हे पडद्यावर कळतं.

चित्रपटात हीच मालकी स्टुडिओंकडे गेली, मात्र तिथला परिणाम सरसकट वाईट म्हणता येत नाही. ‘एस्सेल व्हिजन’ आणि पुढे ‘झी स्टुडिओज’ यांनी ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘कट्यार काळजात घुसली’, ‘नटसम्राट’ असे एकमेकांशी न जुळणारे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत नेले. २०१६ मध्ये ‘सैराट’ने शंभर कोटींचा आकडा ओलांडला, तोही नवख्या नायक-नायिकेला घेऊन. त्या वेळी कंपनीत बसलेल्या माणसांना नजर होती. अडचण अशी की नजर त्या माणसांची होती आणि खुर्ची कंपनीची. माणसं बदलली की यादी बदलते, आणि ‘सैराट’नंतर गावाकडच्या प्रेमकथांची जी रांग लागली त्यात कुणाची निवड दिसत नाही, फक्त हिशेब दिसतो.

म्हणूनच आज निर्मात्याची कला शोधायची तर छोट्या, स्वतंत्र चित्रपटांकडे जावं लागतं. ‘कोर्ट’च्या (२०१४) वेळी विवेक गोंबर यांनी चैतन्य ताम्हाणे यांना संहिता लिहिण्याच्या काळात दरमहा खर्चाला पैसे दिले. चित्रपटाची खात्री नव्हती, दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट होता. पुढे गोंबर यांनी त्यात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. अव्यावसायिक कलाकार, एकेका प्रसंगाचे कितीतरी टेक, कॅमेरा दूर आणि स्थिर. मालिकेचा एक भाग ज्या वेळात उरकतो त्या वेळात इथे एक प्रसंग होत होता. एवढा वेळ निर्माताच विकत घेऊ शकतो, आणि तो घेतलेला ‘कोर्ट’च्या प्रत्येक चौकटीत दिसतो. व्हेनिस महोत्सवात मिळालेला पुरस्कार त्यानंतरची गोष्ट.

अलीकडे जयंत सोमलकर यांचा विदर्भातला ‘स्थळ’ आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ याच वाटेने आले. ‘साबर बोंडं’मध्ये निर्माते नीरज चुरी आणि त्यांच्या साथीदारांनी देशाबाहेरच्या भागीदारांसह पैसा उभा केला, आणि २०२५ च्या जानेवारीत चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. गावात घडणारी दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट कुठल्याही वाहिनीच्या बैठकीत पहिल्या पानापुढे गेली नसती. पण प्रदर्शनाची वेळ आली तेव्हा ‘स्थळ’ला सचिन पिळगांवकर यांचं नाव पुढे लागलं आणि ‘साबर बोंडं’ थिएटरात आणला हैदराबादच्या राणा दग्गुबाती यांच्या कंपनीने. मराठीत चित्रपट बनवण्याची हिंमत आहे, तो लावण्याची यंत्रणा नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट लावण्याचा नियम झाला, तरी दुसऱ्या आठवड्यात पडदा टिकवण्यासाठी निर्मात्याला आजही एकट्यालाच धावपळ करावी लागते.

सरकारी अनुदान दर्जा ठरवून, पूर्ण झालेल्या चित्रपटाला दिलं जातं. ‘कोर्ट’च्या लेखनाच्या महिन्यांत जे पैसे लागले, त्यांना त्यात जागा नाही. अनुदानाचा एक भाग संहितेच्या टप्प्याला, निर्माता आणि लेखक यांच्या नावाने मिळून दिला गेला, आणि वाहिन्यांनी मालिकेच्या हक्कांतला काही वाटा पुन्हा निर्मात्याकडे सोडला, तर पुढच्या ‘चौकट राजा’ची पैज लावायला कुणाला परदेशी भागीदार शोधत फिरावं लागणार नाही.