रमाबाई रानडे यांच्या ‘आठवणी’ आणि स्त्रीशिक्षणाचे संशोधन

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक स्त्रीशिक्षणविषयक संशोधनात वारंवार आधाराला घेतले जाते. सुधारक पतीने अशिक्षित पत्नीला घडविले, या सूत्राच्या पुष्ट्यर्थ त्यातील प्रसंग उद्धृत होतात. हे सूत्र खोटे नाही. अपुरे मात्र आहे.

१८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा न्यायमूर्ती रानडे ३१ वर्षांचे, तर रमाबाई अवघ्या ११ वर्षांच्या होत्या. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून केलेला हा विवाह. रमाबाईंचे शिक्षण याच विसंगतीतून सुरू झाले. रात्री पती शिकवीत आणि दिवसा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे निमूटपणे ऐकावे लागत. या स्त्रियांना ‘प्रतिगामी’ ठरवून अभ्यासक पुढे जातात, ही मोठीच उणीव होय. त्यांची घरातील सत्ता वय आणि नाते यांवर उभी होती. पुस्तक हाती घेतलेली धाकटी सून त्या सत्तेलाच धक्का देत होती. त्यामुळे अक्षरओळखीची खरी किंमत स्वयंपाकघरात मोजली गेली. पटसंख्येच्या कोष्टकात ती कशी दिसावी?

१८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिकला झाली. येथील शाळेच्या समारंभात रमाबाई प्रथमच जाहीरपणे बोलल्या. ते भाषण रानडे यांनी लिहून दिलेले होते. चरित्रकारांना या घटनेतील ‘पहिले’पणाचे अप्रूप, समीक्षेला मात्र येथे थांबावे लागते. आवाज स्त्रीचा आणि शब्द पतीचे, या अवस्थेपासून १९०४ च्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत आणि पतिनिधनानंतर आठ वर्षांनी, १९०९ मध्ये, पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनापर्यंतचे अंतर कसे कापले गेले, हा संशोधनाचा विषय आहे. शीर्षकातील ‘आमच्या’ हे अनेकवचनही या संदर्भात तपासण्याजोगे आहे. स्वतःची कथा सांगतानाही लेखिकेला पतीची सावली हवी होती, की त्या सावलीतूनच स्वतःविषयी लिहिण्याची मुभा मिळाली?

शिवाय, एका ब्राह्मण न्यायाधीशाच्या घरातील हा अनुभव ‘मराठी स्त्रीचा’ म्हणून सरसकट मांडणे योग्य नव्हे. फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ सालीच, म्हणजे रमाबाईंच्या जन्मापूर्वी, छापला गेला होता. तिच्या शिक्षणाला नवऱ्याची परवानगी नव्हे, तर शाळेचा उघडा दरवाजा कारणीभूत होता.