जाहिरात आणि जाहीरपणा

‘जाहिरात’ हा शब्द अरबी-फारसी परंपरेतून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘उघड’, ‘प्रकट’ या अर्थाचा ‘जाहीर’ हा शब्द आहे. व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. तथापि प्रस्तुत प्रश्नापुरती ही व्युत्पत्ती एक उपयुक्त कसोटी पुरविते. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमध्ये येणाऱ्या जाहिराती हा रोखण्याजोगा उपद्रव आहे काय, याची चर्चा बहुधा त्रास किती होतो एवढ्यावरच थांबते. वस्तुतः पाहावयास हवे ते हे, की अशी जाहिरात कितपत जाहीर असते.

जाहिरातींच्या समर्थकांचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. वृत्तपत्र वाचकास स्वस्तात मिळते ते जाहिरातींच्या उत्पन्नामुळे. विनामूल्य अ‍ॅपचेही तसेच आहे. मराठी शब्दकोशाचे वा पंचांगाचे लहानसे अ‍ॅप चालविणाऱ्यास दुसरा आधार बहुधा नसतो. पडद्याच्या तळाशी स्थिर राहणारी पट्टी वृत्तपत्रातील चौकटीसारखीच असते. नजर तिला सहज ओलांडून जाते.

परंतु संपूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात निराळ्या जातीची आहे. तिला ओलांडता येत नाही, नाकारावे लागते. त्यासाठी कोपऱ्यात फुलीचे चिन्ह असते. विद्यार्थ्याच्या वहीत फुलीचा अर्थ ‘चूक’, पडद्यावर ‘बंद करा’. सोस्यूरची १९१६ साली प्रसिद्ध झालेली व्याख्याने सांगतात त्याप्रमाणे चिन्हाचा अर्थ केवळ सामाजिक संकेतावर टिकून असतो. हा संकेतच काही जाहिराती मोडतात. कोठे फुली उशिरा व पुसट उमटते. कोठे ती चित्राचाच भाग असते आणि तिला स्पर्श करताच विक्रेत्याचे पान उघडते. कोठे जाहिरात यंत्राच्याच सूचनेचा वेष घेऊन ‘विषाणू आढळला’ असे बजावते. ऑस्टिनच्या १९६२ सालच्या ग्रंथाने उच्चार ही कृती असते हा विचार रूढ केला. त्या दृष्टीने पाहता येथे नकाराची कृती होकार म्हणून वळविली जाते. याची झळ उतारवयात पडदा वाचावयास शिकलेल्या माणसास अधिक लागते: एकदा फसल्यावर तो खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवीत नाही.

ही केवळ अभिरुचीची तक्रार नव्हे. गूगल प्लेने २०२२ साली अनपेक्षितपणे पडदा व्यापणाऱ्या जाहिरातींवर, तसेच पंधरा सेकंदांनंतरही बंद न करता येणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध घातले. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या रचना निषिद्ध ठरविल्या. त्यांत वेषांतरित जाहिरात आणि सतत पिच्छा पुरविणे यांचा समावेश आहे.

मग रोखण्याचे साधन कितपत विवेकी आहे? अँड्रॉइडच्या २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून खाजगी डीएनएसची सोय आहे. तिच्याद्वारे जाहिरात पुरविणाऱ्या संगणकांचे पत्ते नाकारता येतात. परंतु हे साधन पत्ता ओळखते, वर्तन ओळखीत नाही. प्रामाणिक पट्टी व खोटी फुली एकाच पत्त्यावरून येत असतील तर दोन्ही अदृश्य होतात. आणि अ‍ॅपच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येणारी जाहिरात मात्र निसटते. परिणामी फसविणाऱ्याबरोबर कोशकाराचेही उत्पन्न बुडते.

म्हणून सरसकट निषेध वा सरसकट समर्थन, दोन्ही अपुरी ठरतात. जी जाहिरात आपण जाहिरात आहोत हे सांगते आणि नकार नकार म्हणूनच स्वीकारते, ती सोसणे अथवा शुल्क भरून टाळणे हे न्याय्य होय. जी यांपैकी एकही गोष्ट करीत नाही, तिला रोखण्याचा वाचकास पूर्ण अधिकार आहे. कारण तिने हिरावलेला नकार त्यास अन्य मार्गाने परत मिळत नाही. त्यात प्रामाणिक अ‍ॅपची हानी झाली, तर तिचा दोष प्रथम संकेत मोडणाऱ्याकडे जातो. तथापि ज्या अ‍ॅपचा उपयोग रोज होतो, त्यास या बंदीतून वगळणे अथवा त्याचे मूल्य देणे, एवढे कर्तव्य वाचकाकडेही उरतेच.