कॅमेऱ्यापलीकडची तक्रार

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागले. त्यानंतर २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला : शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि घटना कळल्यावर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना खबर.

निर्णय गरजेचा होता. पण एक उणीव आम्हांला खटकते. बदलापूरचा आरोपी प्रौढ कर्मचारी होता. त्रास देणारा वर्गातलाच किंवा वसतिगृहातलाच मुलगा असेल तर? स्वच्छतागृहात, झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावता येत नाही. पेटी आणि समिती दोन्ही शाळेतच.

पालघर जिल्ह्यात आश्रमशाळा आहेत. तिथले पालक दूर पाड्यांवर राहतात. बोईसर-तारापूरला पालक कारखान्यांत पाळ्या करतात. शाळेशी बोलणे होते ते घाईत आणि तोंडी. उत्तर मिळते, ‘मुलांची मस्करी आहे, मिटवून टाकू.’ मग दोघांना समोरासमोर उभे करून पुन्हा पुन्हा विचारले जाते. ही पद्धतच चुकीची आहे. सूचक प्रश्न वारंवार विचारले, की विचारणाऱ्याचे शब्द मुलाच्या आठवणीत मिसळतात. हाताळलेला नमुना प्रयोगशाळेतही निरुपयोगी ठरतो.

तक्रार लैंगिक अत्याचाराची असेल, तर ती मिटवण्याचा अधिकार शाळेला नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात खबर न दिल्याचा एका डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तो पुन्हा कायम केला.

‘त्या मुलाचेही आयुष्य बिघडेल’ असे शाळा म्हणते. पण आरोप असलेला अल्पवयीन असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे भर सुधारणेवर असतो. दडपण्याने मात्र दोन्ही मुले मदतीवाचून राहतात.

मग पालकांनी काय करावे? मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. उलटतपासणी करू नये. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दोन्ही मुलांना वेगळे ठेवण्यासाठी आजपासून काय करणार, हे विचारावे. शाळेची चौकशी संपण्याची वाट न पाहता पोलिसांकडे जावे किंवा १०९८वर कळवावे. मुलाचा जबाब घरी, गणवेशाविना नोंदवण्याची तरतूद कायद्यात आहे, ती मागावी. अर्जाची प्रत शिक्षणाधिकारी आणि बाल कल्याण समितीला द्यावी. मोबाइलवरच्या गटांत कोणत्याही मुलाचे नाव टाकू नये. प्रकार मारहाणीचा किंवा छळाचा असला तरी लेखी अर्ज आणि पोच हवीच.

शाळा तपासणीत कॅमेरा चालू आहे का, हे पाहिले जाते. तक्रार आली त्या दिवशी शाळेने काय लिहून ठेवले आणि कोणाला कळवले, हेही तपासले जावे.