बालमनाच्या व्यथेची भाषा : श्याम आणि लंपन

मुलांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी अलीकडे शाळाशाळांतून जे मार्गदर्शनपर साहित्य येते, त्याचा विचार मानसशास्त्राच्या अंगाने पुष्कळ होतो. भाषेच्या अंगाने तो क्वचितच झालेला आढळतो. वस्तुतः मूल आपली व्यथा सांगते ती भाषेतच, आणि वडीलधारी माणसे ती ऐकतात अथवा ऐकत नाहीत तीही भाषेच्याच मार्गाने. या दृष्टीने साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) आणि प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंग सर्वपरिचित आहे. श्यामला पाण्याची भीती वाटते. तो लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर पाठविते आणि नंतर जवळ घेऊन समजूत घालते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. या प्रसंगातील वात्सल्य खोटे आहे असे कोणीही म्हणणार नाही. तथापि निवेदन कोणाचे, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे. ही कथा आश्रमातील मित्रांना सांगतो तो प्रौढ श्याम. त्यामुळे लहान श्यामच्या भीतीला वाक्य मिळते न मिळते तोच त्या वाक्याचा अर्थ प्रौढ श्याम सांगून मोकळा होतो. भीती हे पूर्वपद, बोध हे उत्तरपद, असा जणू समासच येथे होतो. ही उणीव गुरुजींच्या प्रतिभेची नव्हे. ती त्या पुस्तकाच्या हेतूतूनच येते.

लंपनच्या कथांत हा प्रौढ निवेदक नाही. कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र आणि व्यवसायाने भूशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या प्रकाश संतांनी (१९३७–२००३) ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ व ‘झुंबर’ या चार पुस्तकांतून आईबाबांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या मुलालाच बोलते केले. परिसर बेळगावकडील, मराठी कन्नडच्या कुशीतली. या मुलाला दुरावा आहे, हुरहूर आहे. परंतु ‘दुरावा’ हा शब्द त्याच्यापाशी नाही. त्याच्यापाशी आहे तो ‘मॅड’. आनंद, धास्ती, लाज, सुमीविषयीची ओढ, ज्याला नाव देता येत नाही ते सारे या एका परक्या शब्दात तो भरून टाकतो. भाषाशुद्धीचे अभिमानी येथे नाक मुरडतील. मला मात्र हा शब्द मराठी गद्यातील मोठ्या शोधांपैकी एक वाटतो, कारण संतांनी मुलाच्या शब्ददारिद्र्याची कीव न करता त्यालाच शैलीचे सामर्थ्य दिले. लंपनला कोणी उपदेश करून सावरीत नाही. घरातील नेमाची कामे, मित्र, संगीताचा वर्ग यांच्या आधाराने तो तगतो, आणि वाचकही त्याचे वाक्य त्याच्यासाठी पुरे करण्याचा मोह आवरतो.

आता मार्गदर्शनपर भाषेकडे वळू. हान्स सेल्ये यांच्या १९३६च्या संशोधनापासून पुढे रूढ झालेल्या संज्ञेसाठी आपण ‘ताण’ हा दोरीचा नि तंबोऱ्याच्या तारेचा शब्द घेतला. तो चांगला आहे. परंतु त्यापासून ‘तणावग्रस्त बालक’, ‘ताणतणाव व्यवस्थापन’ असे समास बनले, तेव्हा मूल विशेषणाखाली दबले आणि क्रियापद नाहीसे झाले. मराठीची स्वाभाविक रचना निराळी आहे. ‘मला भीती वाटते’, ‘मला रडू येते’, ‘मला कसेसेच होते’ : येथे भावना येते, आणि ज्याला ती येते तो चतुर्थीत उभा असतो. ज्या अर्थी ती येते, त्या अर्थी ती जाऊही शकते. ‘ग्रस्त’ या पदात जाण्याची ही वाट राहत नाही. शिंपटीला आता कायद्यानेही जागा नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. पण मुलाचे वाक्य मध्येच तोडून त्याचा अर्थ सांगण्याची सवय पत्रकांतून तशीच चालू आहे. आपल्या आधुनिकतेचा त्यांना कितीही भरवसा असो, या बाबतीत ती लंपनपेक्षा श्यामच्याच कुळातील आहेत.

अक्कलकोटसारख्या सीमेवरील तालुक्यात हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. येथे कित्येक मुलांच्या घरी कन्नड आणि शाळेत मराठी चालते. सुदैवाने ‘ननगे हेदरिके आगुत्तदे’ आणि ‘मला भीती वाटते’ यांची घडण एकच आहे. दोन्हींत अनुभवणारा चतुर्थीतच येतो. म्हणजे घरच्या वाक्यावरून शाळेच्या वाक्याकडे जाण्यास मुलाला पूल बांधलेलाच आहे. ‘मी तणावग्रस्त आहे’ या वाक्याकडे मात्र दोन्ही भाषांतून वाट जात नाही. मग मूल ‘पोटात दुखते’ एवढेच म्हणते, आणि शिक्षक त्याला ओवा देतात किंवा सबब समजून दटावतात. पोटदुखीची तपासणी व्हावी हे तर खरेच. पण ती केव्हा दुखते, कोणत्या तासाला, कोणत्या वारी, हे विचारावयास वैद्य लागत नाही.

साहित्य हे औषध नव्हे, आणि ज्या मुलास तज्ज्ञाची गरज आहे त्याला कथा वाचून दाखवून भागणार नाही. केंद्र शासनाने २०२० साली ‘मनोदर्पण’ हा उपक्रम विद्यार्थ्यांसाठी काढला. २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. अशा सेवेत दूरध्वनी उचलणाऱ्याच्या कानी ‘ताणतणाव’ हा शब्द मुलाच्या तोंडून फारसा पडणार नाही. धसका, धास्ती, हिरमुसणे, कानकोंडे होणे, जीव वर-खाली होणे, ‘कसेतरीच’ : ही शब्दसंपदा, तिच्या सीमाभागातील कन्नड जोडीदारांसह, अध्यापक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत आली पाहिजे. ती गोळा करण्याचे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका सत्रात आरंभिता येईल. त्यासाठी लागेल तो वर्गाबाहेरचा व्हरांडा, आणि मूल बोलत असता गप्प बसण्याचा सराव.