डाइस ०.९५ आला, म्हणून यकृत जुळलं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने गाईडसमोर एक तक्ता ठेवला होता. एकाच रुग्णाचे दोन सीटी स्कॅन, मधे यकृताचा आकार बदललेला, आणि माझ्या प्रोग्रॅमने ते एकमेकांवर बसवलेले. डाइसचे सगळे आकडे ०.९ च्या वर. मॅडमनी तक्ता बाजूला सारला. म्हणाल्या, "पोर्टल व्हेनला फाटा फुटतो ती जागा दोन्हीकडे दाखव." दाखवली. बाहेरून यकृत चपखल बसलेलं आणि आतला फाटा चांगला सेंटीमीटरभर बाजूला.

रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन स्कॅनमधली कुठली जागा कुठल्या जागेशी जुळते हे शोधणं, या विषयात उतरणार असाल तर नवीन नेटवर्कचे पेपर वाचण्याआधी टॉर्स्टन रोल्फिंग यांचा २०१२ चा पेपर वाचा. 'आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन मेडिकल इमेजिंग'मध्ये आला होता. त्यांनी 'कर्ट' नावाची एक पद्धत तयार केली. नावाचा अर्थच 'पूर्णपणे निरुपयोगी रजिस्ट्रेशन साधन'! दोन्ही चित्रांतले पिक्सेल उजेडाच्या क्रमाने लावायचे आणि एकातला शंभरावा दुसऱ्यातल्या शंभराव्याला जोडून टाकायचा. शरीररचनेशी काही देणंघेणं नाही. तरी चित्रांचं साम्य आणि ऊतींची व्याप्ती या मोजमापांवर कर्टला उत्तम गुण मिळतात. रोल्फिंग यांचा निष्कर्ष सरळ आहे: हे आकडे अचूकतेचा पुरावा म्हणून देऊ नयेत आणि कुणी दिले तर स्वीकारू नयेत. लहान, ठरावीक जागच्या अवयवभागांची व्याप्ती मोजली तरच चांगलं-वाईट वेगळं ओळखता येतं.

या पेपरवर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. कर्ट शेजारचे पिक्सेल कुठल्या कुठे फेकतो. खरी पद्धत असं करत नाही, तिच्यात गुळगुळीतपणाची अट असते. मग एवढ्या टोकाच्या उदाहरणाने काय सिद्ध होतं? शिवाय पेपरातली चित्रं मेंदूची आहेत. तिथे घड्या, पोकळ्या, खुणा भरपूर. यकृताचं काय, हे पेपर सांगत नाही.

माझ्या मते यकृतात त्यांचं म्हणणं उलट जास्तच खरं ठरतं. कागद-पेन घ्या. यकृत ७ सें.मी. त्रिज्येचा गोळा आहे असं धरा. तो केंद्राभोवती १० अंश फिरवा. बाह्यरेषा तीच, डाइस पूर्ण १. पण अक्षापासून ५ सें.मी. दूर असलेली गाठ जवळजवळ ९ मि.मी. सरकली. फिरवणं म्हणजे अत्यंत गुळगुळीत रूपांतर, त्यामुळे गुळगुळीतपणाची अटही काही पकडत नाही. आता फिरवू नका, सगळं ५ मि.मी. बाजूला सरकवा. मोठ्या गोळ्याचा डाइस सुमारे ०.९५. त्याच्या आतल्या १ सें.मी. त्रिज्येच्या गाठीचा ०.६३. चूक एकच, आकडे दोन! पेपरात कुठला छापला जातो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

खरं यकृत गोळा नाही, मान्य. पण वरचा भाग बराचसा गुळगुळीत आणि घुमटासारखा असतो, आणि कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीत आतला भाग बहुतेक एकसारखा राखाडी दिसतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तर अडचण आणखी वाढते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, यकृत आधीच्या स्कॅनपेक्षा वेगळ्या आकारात येतं, श्वासाबरोबर वर-खाली होतं. त्यात कॅमेऱ्याला पृष्ठभागाचा एक तुकडाच दिसतो. तो तुकडा बेसल-मॅके यांच्या १९९२ च्या आयसीपी पद्धतीने सीटीतल्या पृष्ठभागावर बसवला, तर उरलेली चूक अगदी कमी दिसू शकते. घुमटावर घुमट थोडा घसरला तरी बसतोच. सर्जनला मात्र पृष्ठभाग नको असतो. तो डोळ्यांना दिसतोच आहे. हवी असते हिपॅटिक व्हेन, जी दिसत नाही आणि कापली गेली तर जोरात रक्तस्राव होतो.

फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये ताठ वस्तूंवर खुणेचे बिंदू जुळवण्याबद्दल दाखवलं होतं की बिंदूंवर उरलेली चूक आणि लक्ष्यावरची चूक यांचा परस्परसंबंध नसतो. ताठ वस्तूची ही गत, तर मऊ यकृतात पृष्ठभागाच्या चुकीवर भरवसा कशाला ठेवायचा?

मग मोजायचं काय? फुप्फुसवाल्यांकडे 'डीआयआर-लॅब'चा संच आहे, एकेका रुग्णात ३०० जोडबिंदू. यकृतासाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने सिलिकॉनच्या यकृतावर एक स्पर्धा ठेवली: पृष्ठभागावरचे मोजके बिंदू तुम्हाला देतात, आतल्या लक्ष्यांच्या जागा स्वतःकडे लपवून ठेवतात. ही कल्पना मला फार आवडते, कारण उत्तर बघून पद्धत घोटता येत नाही. पण सिलिकॉन श्वास घेत नाही, त्यातून रक्त येत नाही, आणि ते अर्ध्यावर कापलेलंही नसतं. तिथे जिंकलेली पद्धत थिएटरमध्ये चालेलच, असं कुणी लिहिलं तर तेही माझ्या तक्त्याइतकंच कच्चं.

पुढचे दोन महिने मी शिरांचे फाटे हाताने टिपत बसले होते. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. टिपणारी मी एकटी पुरत नाही म्हणून लॅबमधल्या एका मित्राला तेच बिंदू पुन्हा टिपायला लावले, आणि काही ठिकाणी आमचंच एकमेकांशी जुळलं नाही. तो फरकही आता तक्त्यात जातो, वेगळ्या रकान्यात. डाइसचा रकाना अजून आहे, शेवटी.