बोलते धडे आणि मुका पडदा

पवईच्या आय.आय.टी.मधून प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तयार झालेले ‘स्पोकन ट्युटोरियल’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. केंद्र सरकारच्या मदतीने उभा राहिलेला हा उपक्रम मुक्त संगणक-प्रणाली शिकवतो. धडा साधारण दहा मिनिटांचा, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मात्र पडद्यावरचे शब्द इंग्रजीच राहतात. हे मला योग्य वाटते. मुलाला पुढे त्याच शब्दांशी गाठ पडायची आहे.

या धड्यांचे मर्म त्यांच्या पद्धतीत आहे. पडद्याच्या एका अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्यात तीच कृती स्वतः करायची, अडले की थांबवायचे. संहिता नवशिक्याकडून तपासून घेतात, त्यामुळे मधली पायरी सहसा गळत नाही. घरी एकट्याने शिकणाऱ्या शिक्षकासाठी इतके चांगले साधन मराठीत क्वचितच असेल.

अडचण वर्गात येते. मुलुंडच्या एका शाळेत उबुंटू लिनक्सचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, धडा सुरू केला. आवाज आला; भिंतीवर मात्र नुसती रंगीत पार्श्वभूमी! मागच्या बाकावरून शेरा आला, ‘सर, लिनक्स बंद पडलं.’ वास्तविक काहीच बंद पडले नव्हते. लॅपटॉपने भिंतीला ‘वाढीव पडदा’ मानले होते आणि धडा माझ्यासमोरच्या पडद्यावर चालू होता. सेटिंगमधील ‘डिस्प्ले’मध्ये जाऊन ‘मिरर’ निवडले, काम झाले. उबुंटूत बहुधा विंडोज चिन्हाची कळ धरून ‘पी’ दाबले तरी हे पर्याय येतात.

पण लगेच दुसरी अडचण. लॅपटॉपचा पडदा 1366 × 768 ठिपक्यांचा, प्रोजेक्टर 1024 × 768 चा. दोन्हीकडे सारखे चित्र हवे म्हणून लॅपटॉपही 1024 वर आला. त्याचे दोन भाग केले की धड्याला रुंदीत फक्त 512 ठिपके! शेवटच्या बाकावरून अक्षर वाचता येईना. एका माणसाच्या पडद्यासाठी आखलेली पद्धत चाळीस जणांच्या पडद्यावर तशीच चालत नाही. वर्गात आधी पूर्ण पडद्यावर धडा दाखवावा, मग तो बंद करून एका मुलाला कृती करायला बोलवावे.

माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. मी वापरलेले धडे ‘कुठे टिचकी मारा’ हे उत्तम सांगतात, ‘का’ हे फारसे सांगत नाहीत. पडदा कोरा राहिला की पाठ केलेली कृती संपते. शिवाय कृती जुनी होते. जोडलेले पडदे हाताळायला पूर्वी ‘एक्स-रँडआर’ ही आज्ञा सर्रास सांगत. 2021 पासून उबुंटूत सहसा ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था असते आणि तिथे त्या आज्ञेने पडद्याची मांडणी बदलत नाही. कारण मात्र जुने होत नाही.

ते कारण असे. प्रोजेक्टरमध्ये एक छोटी स्मृती असते; तिच्यातल्या 128 बाइटच्या मूळ नोंदीत आपण कोणत्या मापाचे चित्र दाखवू शकतो, हे लिहिलेले असते. लॅपटॉप ती नोंद वाचून माप ठरवतो. 1987 साली आलेल्या व्ही.जी.ए. जोडणीच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या देवाणघेवाणीसाठी वापरतात. त्यांतली एक वाकली, तर प्रोजेक्टर ओळखला जात नाही किंवा चित्र चुकीच्या मापाचे येते. पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. निळ्याची तार तुटली तर पांढरा भाग पिवळा दिसतो. प्रकाशाच्या पाठाला यापेक्षा चांगला प्रयोग कोणता?

अशी कारणे सांगणारी पाच मिनिटे या मालिकेत जोडली, तर तिचे मोल दुप्पट होईल. नाहीतर एका वाकड्या पिनेचा दोष लिनक्सच्या माथी बसतो, आणि शाळा परवान्याविना उतरवलेल्या प्रणालीकडे परत वळते. मालिका अवश्य वापरावी. मात्र तास सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे आधी वर्गात जावे, आणि पडदा कोरा राहिलाच, तर ‘का?’ हा प्रश्न मुलांनाच विचारावा.